काहिलीतले दगड

काहिलीला पुढचं-मागचं तोंड नसतं. ती गोल. गुऱ्हाळात चुलाणावर चढवून तिच्यात उसाचा रस उकळतात, तेव्हा या गोलपणाचं कुणाला काही वाटत नाही. पण तीच पाण्यात सोडली की कुठल्या अंगानं जायचं हे तिला समजत नाही, जागच्या जागी गरगर फिरायला लागते. म्हणून तिच्यात वजन चहूबाजूंनी सारखं बसवावं लागतं आणि दोन पोहणारे दोन अंगांनी तिच्या कड्या धरून तिला ढकलत नेतात.

माझी काहील दर पावसाळ्यात अशी भीमेत उतरायची. अलीकडं आमचा शिरूर तालुका, पलीकडं दौंड. आमचं गाव वडगाव रासाईच्या खालच्या अंगाला, नदीच्या काठावर. पूल नव्हता. उन्हाळ्यात माणसं पायी नदी ओलांडायची, पाणी आलं की काहील. गुऱ्हाळ तेव्हा बंदच असायचं, काहील पालथी पडून गंजण्यापेक्षा लोकांच्या उपयोगी पडली तर काय वाईट, असा माझा हिशेब होता. फुकट देत होतो असं नाही. पोहणाऱ्यांना लोक देतील ते देतील, पण काहिलीचा मालक मी आहे आणि ती माझ्या शब्दावर उतरते, हे गावानं मानावं एवढं मला पुरत होतं. मेंढरांमागं भटकलेल्या माणसाचा मी मुलगा. वाड्यांच्या पायऱ्यांवर आम्हांला कुणी बसू दिलेलं नव्हतं. त्याच गावात लोक नदीकाठी उभे राहून माझी वाट बघायचे, याची किंमत मी कुठल्याही बाजारात केली नसती.

त्याच काठावर एका सकाळी जे झालं त्याबद्दल गाव मला अजून दूध नासवणारा म्हणतं. तोंडावर नाही, मी निघून गेल्यावर. या गोष्टीवर मी इतक्यांदा भांडलोय की आता आवाज चढवायचाही कंटाळा येतो. तरी एकदा सगळं लिहून काढतो.

बहात्तरचा दुष्काळ हटून दोनेक वर्षं झाली होती. माझं गुऱ्हाळ नुकतं नीट चालू लागलं होतं. त्याच सुमाराला मी शिरूरच्या कॉलेजात जाऊन बसायला लागलो. तिशी गाठलेली, वर्गातली बाकीची पोरं मला मामा म्हणायची. शिकून साहेब व्हायचं वगैरे काही डोक्यात नव्हतं. गूळ विकायला जायचो त्या मार्केट यार्डात आडत्यांची शिकलेली मुलं बोलताना असे शब्द टाकायची की मी भावात जिंकूनही बोलण्यात हरायचो. भांडायला शब्द कमी पडू नयेत, म्हणून मी मॅट्रिक झालो आणि म्हणूनच कॉलेजात गेलो. विषय तत्त्वज्ञान घेतला, कारण त्या वर्गात गर्दी कमी होती आणि तास सकाळी लवकर संपायचा.

शिकवणारे सर पुण्याचे, माझ्याहून लहान. नीतिशास्त्र शिकवायचे. एक मत असं आहे, ते म्हणाले, की जे केल्यानं जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख होतं ते योग्य. करणाऱ्याच्या मनात काय होतं ते सोडा, परिणाम मोजा. मी मनात म्हटलं, हे तर बाजारातलंच शास्त्र आहे, याला पुस्तक कशाला? पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या मतावर आले. दिलेला शब्द फायद्यासाठी मोडायचा नाही, कारण सगळेच तसं करायला लागले तर शब्द या गोष्टीलाच अर्थ उरणार नाही. आणि कुठल्याही माणसाला दुसऱ्यांच्या सोयीची वस्तू करायची नाही. हेही मला पटलं. शब्द नसेल तर यार्ड दुपारपर्यंत चालायचं नाही. तिसरं एक मत होतं, की चांगला माणूस अशा वेळी काय करील ते बघावं. ते मी सोडून दिलं. चांगला माणूस कोण, हे ठरवायलाच आमच्याकडं पंचायत बसवावी लागली असती.

एकदा सरांनी उदाहरण दिलं. दोन शेतांना आग लागली आहे, पाण्याचा टँकर एकच. एक शेत एकट्या विधवेचं, तिला टँकरवाल्यानं आधीच कबूल केलेलं. दुसऱ्या शेतावर पाच घरं जगतात. टँकर कुठं न्यायचा? वर्गात दोन तट पडले. मी हात वर केला आणि विचारलं, "सर, बादल्या लावल्या तर? निम्मं पाणी इकडं, निम्मं तिकडं."

सर हसले. म्हणाले, "उदाहरणात बादल्या नाहीत."

वर्ग खो खो हसला. त्यानंतर कितीतरी दिवस मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, मामा, बादली आणली का? मला राग यायचा. माझा राग तेव्हा फार जवळ बसलेला असायचा, हाक मारायचीही गरज नसायची. पण सरांचं मी ऐकलं. शिकायला आलोय तर उदाहरण दिलंय तसंच धरायला शिकलं पाहिजे, असं मी स्वतःला बजावलं. दोन वाटा दिल्यात, त्यातली एक निवडायची आणि तिच्यासाठी भांडायचं.

माझ्या गुऱ्हाळाचे गुळवे, म्हणजे रस कधी उतरवायचा ते ठरवणारे, बौद्धवाडीतले होते. मी त्यांना आप्पा म्हणायचो. वयानं मोठे, बोलणं कमी. मी दुसऱ्याच्या गुऱ्हाळात चिपाडं वाळत घालायचो तेव्हापासून त्यांना ओळखत होतो, आणि स्वतःची काहील घेतली तेव्हा पहिल्यांदा त्यांनाच बोलावलं. त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. ऐन भादव्यात एका संध्याकाळी ते आले आणि दारातच उभे राहिले. थोरल्या मुलीला सोलापूरला नर्सच्या शिक्षणासाठी मुलाखतीला बोलावलं होतं. दौंडहून गाडी धरायची, तर उद्या सकाळी पलीकडं गेलंच पाहिजे. पाणी चढतंय, काहिलीत जागा मिळेल का?

मी म्हणालो, "पहिली खेप तिची. माझा शब्द."

आमच्याकडं आभाळ कोरडं होतं. शेतात ढेकळं फुटत नव्हती. पण वर मावळात पाऊस कोसळत होता आणि ते पाणी आमच्या दारातून चाललं होतं. दुसऱ्याचा पाऊस आमच्याकडं येतो तो असा, नुसता अडवायला. सकाळी काठावर गेलो तर पाणी रात्रीतून पुष्कळ वर आलेलं, रंग तांबडा, मधूनच बाभळीच्या फांद्या वाहत येणाऱ्या. दोघे पोहणारे पाण्याकडं बघत उभे होते. ते म्हणाले, एक खेप करतो, दुसरीचं काही सांगत नाही.

आप्पा मुलीला घेऊन आधीच येऊन बसले होते. मुलीनं धुतलेलं पातळ नेसलेलं, मांडीवर कापडी पिशवी. तिच्या मागून दुधाचे कॅन आले. गावातल्या डेअरीचे चेअरमन आले, त्यांना सगळे आबा म्हणायचे, आणि त्यांच्यासोबत दूध घालणारी माणसं. पलीकडच्या रस्त्यावर दुधाची गाडी ठरल्या वेळेला यायची आणि थांबायची नाही.

पोहणाऱ्यांचं म्हणणं आबांनी ऐकलं आणि लगेच माझ्याकडं वळले. मला बाजूला घेतलं नाही, सगळ्यांदेखत बोलले. निम्म्या गावाचं दूध या कॅनांत आहे, म्हणाले. एकेका म्हशीवर जगणाऱ्या बायका आहेत. आज दूध पडून राहिलं की दुपारपर्यंत नासलं. पोरीची मुलाखत पुन्हा येईल, नाहीतर दुसरीकडं येईल. पाणी उतरलं की दुसरी खेप तिची करू. बोलणं चांगलं होतं. वर्गात मी त्यांना पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

मी म्हटलं, काल शब्द दिलाय.

आबा म्हणाले, "शब्दानं पोरांची पोटं भरत्यात व्हय?"

मी मागं हटणार नव्हतो, पण आबांच्या बोलण्यातलं वजन मला कळत होतं. तेवढ्यात दोघा पोहणाऱ्यांतला एक म्हणाला, "निम्मं कॅन आन् पोरगी, दोन्ही बसतंय की. भार बी बरोबर व्हतोय."

मग दूध घालणाऱ्यांतला एक म्हातारा, आबांच्या मागं उभा असलेला, खाली बघत हळूच म्हणाला, "दुधाजवळ नको."

मोठ्यानं बोलला असता तर कुणीतरी त्याला अडवलं असतं. इतका हळू बोलला की सगळ्यांना ऐकू गेलं आणि कुणालाच उत्तर द्यावं लागलं नाही. आबा नदीकडं बघायला लागले. रोज त्याच कॅनांना टेकून माणसं पलीकडं जात होती, बिड्या ओढत, कॅनांवर कोपर टेकून. आप्पा उठून उभे राहिले. मुलगी बसूनच होती, पिशवीची गाठ पुन्हा बांधत.

माझं डोकं फिरलं. लहानपणी मीही पुष्कळ पायऱ्यांवरून असाच हळू आवाजात उठवला गेलो होतो. मी कडाडलो, "मग एक बी कॅन चढणार न्हाई. काहील माझी हाय. पोरगी जाईल आन् तिचा बाप जाईल. बस."

आबा म्हणाले, डोकं शांत ठेवून बोल. मी म्हणालो, माझं डोकं माझं आहे. एक कॅन कुणीतरी आधीच काहिलीत ठेवला होता, तो मी उचलून काठावर आणून आदळला. झाकण उडालं आणि दूध मातीत गेलं. तेवढा एकच कॅन सांडला, पण गावाला तेच दिसतं.

दोन माणसांच्या वजनानं काहील सरळ जाईना. चढत्या पाण्यात ती भोवऱ्यासारखी फिरायला लागली. तेव्हा पोहणाऱ्यांनी तिला पुन्हा काठाला लावलं आणि आम्ही काठावरचे काळे धोंडे उचलून तिच्यात ठेवले. मीही उचलले. भार सारखा झाला आणि काहील निघाली. ती पलीकडं लागेपर्यंत मी बघत होतो. माझ्या मागं कॅन उभे होते आणि माणसं उभी होती, आणि कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. दुसरी खेप झाली नाही. पाणी संध्याकाळपर्यंत चढतच राहिलं.

पुढचं लवकर सांगतो, कारण ते सांगताना मला नेहमी थकवा येतो. दूध नासलं. मुलगी वेळेवर सोलापूरला पोचली, मुलाखत झाली आणि तिची निवड झाली नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या ठिकाणी झाली. तिथं जायला नदीही आडवी येत नव्हती. म्हणजे परिणाम मोजायला बसलं तर त्या सकाळच्या माझ्या बाजूला काहीच जमा होत नाही. आबांनी ते मला चारचौघांत ऐकवलं. निम्म्या गावाचं नुकसान केलंस आणि पोरीचं तरी काय भलं झालं? मी म्हणालो, शब्द पाळला. ते म्हणाले, शब्द घेऊन बस मग.

त्या हंगामात गावातला एकही ऊस माझ्या गुऱ्हाळात आला नाही. गाड्या माझ्या दारावरून दुसऱ्या गुऱ्हाळाकडं जायच्या आणि गाडीवान बैलांना विनाकारण हाका मारायचे, म्हणजे मी बाहेर येऊन बघावं. मी लांबच्या गावांतून ऊस आणला, घासाघीस केली, तरलो. त्याची मला तक्रार नाही. धंद्यात कुणी कुणाला सोडत नाही, मीही सोडलेलं नाही. मला एवढंच हवं होतं की कुणीतरी एकानं म्हणावं, तू केलंस ते बरोबर केलंस.

सरांकडं गेलो. सगळं सांगितलं. मला वाटलं, हा माणूस तरी म्हणेल. त्यांनी मन लावून ऐकलं, चहा दिला. मग म्हणाले की एका मताप्रमाणे तुम्ही चुकलात आणि दुसऱ्या मताप्रमाणे बरोबर ठरता, आणि दोन्ही मतांना आपापला आधार आहे. मी विचारलं, तुमचं मत काय? ते म्हणाले, मी शिकवतो, निवाडा करत नाही. मी कप खाली ठेवला आणि उठलो. पुन्हा त्या वर्गात गेलो नाही. शिव्या न देता बाहेर पडलो, हे माझ्याकडून त्या काळात पुष्कळच होतं.

मग राहिले आप्पा. ते माझ्याकडं कामाला येत होते, पण पूर्वीसारखे नव्हते. गावानं त्यांच्या वाडीतल्या बायकांना खुरपणीला बोलवायचं बंद केलं होतं. हे मला माहीत होतं, पण त्यावर मी काय करणार होतो? एकदा चुलाण पेटवताना मीच विषय काढला. म्हणालो, आप्पा, त्या दिवशी गाव अंगावर घेतलं मी.

आप्पा चिपाडं सारत राहिले. मग म्हणाले, "मालक, दूध आधी न्हेलं असतं तरी चाललं असतं."

ज्याच्यासाठी केलं त्यानंच असं म्हणावं? त्यांना खुरपणीचं, वाडीचं दुःख असेल, मान्य. पण मी त्यांच्या मुलीसाठी उभा राहिलो होतो. गावातला दुसरा एक तरी राहिला होता का? त्या दिवसापासून मी आप्पांशी कामापुरतं बोलायचो. तेही तसेच. पुढं त्यांचं डोळ्यांचं दुखणं वाढलं आणि त्यांनी काम सोडलं.

दशक सरत आलं होतं. एका सकाळी रस उतरवताना काहील कलंडली आणि उकळत्या रसानं माझा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. गुळाचा रस कातडीला चिकटतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. मला दौंडला एका दवाखान्यात नेलं. पट्टी करायला जी नर्स आली ती आप्पांची मुलगी.

मी आधी ओळखलं नाही. तिनंच ओळखलं. "मामा, हात सैल सोडा," म्हणाली. वडील कसे आहेत विचारलं तर म्हणाली, बरे आहेत, दिसतं कमी. आणि ती हातावरची कातडी चिमट्यानं काढायला लागली. दुखत होतं. मी दुखणं बोलण्यात घालवायचं म्हणून असेल, किंवा इतकी वर्षं मनात होतं म्हणून, पण तोच विषय काढला. त्या दिवसापासून मला गाव काय म्हणतं ते सांगितलं. ऊस कसा बंद झाला ते सांगितलं. सरांचं सांगितलं. तिच्या बापाचं बोलणंही सांगितलं. आता राहिली होती ती एकटीच. मी म्हणालो, तू सांग, माझं काय चुकलं?

ती काम करत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही आमच्यासाठी भांडला, मामा. कोण न्हाई म्हणतंय?"

मी वाट बघत होतो.

"पण त्या म्हाताऱ्याचंच झालं की. दुधाजवळ नको म्हणाला तो. आन् दूध काठावर ऱ्हायलं, मी काहिलीत. येगळं येगळं. माझ्याजवळ दगड बसलं तवा."

मी म्हणालो, मला राग आला होता.

"व्हय. लई आला होता," ती म्हणाली. "मला कुणी इचारलं असतं तर मी एक कॅन मांडीवर धरून बसले असते. त्यो बोलल्यावर तर नक्कीच बसले असते."

ती हे रागानं बोलली नाही. चिमटा तसाच हळूहळू चालत होता. मला उत्तर द्यायचं होतं. काहील माझी होती. मी आबांना सांगू शकलो असतो, पोरगी आणि निम्मे कॅन, नाहीतर काहील निघणारच नाही. आबांना ते नाकारता आलं नसतं, म्हाताऱ्याला तर नाहीच. यार्डात माझा एकही सौदा असा गेलेला नाही ज्यात मी समोरच्याला मधल्या आकड्यावर ओढून आणलं नाही. पोहणारा माणूस माझ्याच तोंडावर मधला आकडा सांगत होता. पण हे सगळं तिच्यापुढं बोललो असतो तर ती माझी बाजू झाली नसती. मी म्हणालो, दगड उचलले तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही.

"कुणाच्याच न्हाई आलं," ती म्हणाली. "आमच्या आप्पांच्या आलं होतं."

मग तिनं पट्टी गुंडाळायला घेतली. हात भिजवू नका, चुलाणाजवळ जाऊ नका, परवा पुन्हा या, असं सांगितलं. मी विचारलं, आप्पा त्या दिवशी बोलले का नाहीत? तिनं पट्टीचं टोक दातानं फाडून गाठ मारली आणि म्हणाली, तुम्ही ओरडत होता.

मी बाहेर आलो. हात खांद्यापर्यंत ठणकत होता. घरी जायला नदीच ओलांडायची होती. पाणी उतरलेलं होतं, माणसं पायीच चालली होती. पलीकडच्या काठावर, जिथं काहील लागायची तिथं, ते धोंडे अजून पडलेले असतात. त्या दिवशी परत येताना काहील हलकी करायला पोहणाऱ्यांनी ते तिथंच टाकून दिले होते. त्या काठाला एवढे मोठे धोंडे नाहीत, त्यामुळं ओळखू येतात. त्यातल्या एकावर मी बसलो, हात मांडीवर घेऊन.

माझी गाऱ्हाणी सगळी जागच्या जागी आहेत. गावानं मला एकटं पाडलं ते चूकच होतं. तो म्हातारा आता नाही, पण त्यानं माझी माफी मागायला हवी होती, आणि तिची तर हवीच होती. सरांनी बाजू घ्यायला हवी होती. यातलं काही मी सोडलेलं नाही. फक्त आता कुणी म्हणालं की तुझं बरोबर होतं, तर ते मला पुरेल असं वाटत नाही.

बराच वेळ बसलो. मग एका ओळखीच्या गाडीवानानं आमच्या काठावरून हाक मारली, आणि मी चप्पल डाव्या हातात घेऊन पाण्यात उतरलो.